माघार कुणाला परवडते? पालखी, भुईकोट आणि कुबडी

बरेच दिवस तुमच्यापैकी काहीजण विचारताय की कोल्हापुरात बसून इतिहासाच्या गप्पा मारतोस, मग पन्हाळ्यावर अजून एकही भाग कसा नाही? तर आज पन्हाळ्यापासून सुरुवात करतो. पण तिथे फार वेळ थांबणार नाही. मला जायचंय नगरच्या भुईकोट किल्ल्यात, १८८३ सालच्या नाताळात.

आधी एक सांगतो, कारण आजच्या विषयाशी त्याचा संबंध आहे. माझ्या उजव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. पायात कॅलिपर, हातात कुबडी. नवीन श्रोत्यांना हे माहीत नसतं, आवाजावरून पाय कळत नाही. आणि मी राहतो अशा गावात, जिथे प्रत्येक पेठेला स्वतःची तालीम आहे, शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ पासून उभं आहे, आणि भांडणातून मागे सरणं म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथे त्याला एकच शब्द आहे, तो मी माइकवर बोलत नाही.

आता पन्हाळा. जुलै १६६०. सिद्दी जौहरचा वेढा, चार महिने होत आलेले, आणि भर पावसात रात्री महाराज गड सोडून विशाळगडाकडे निघतात. इतिहासातली ही सगळ्यात गाजलेली माघार असेल. दर जुलैला शेकडो पोरं पन्हाळा ते विशाळगड चालत जातात, चिखलात घसरत, पन्नास-साठ किलोमीटर. मी कधी गेलो नाही, जाऊ शकत नाही. कदाचित म्हणूनच या गोष्टीतली एक साधी बाब माझ्या आधी लक्षात येते. महाराज पालखीतून गेले. परंपरा तर दोन पालख्या सांगते, एक महाराजांची आणि दुसरी शिवा काशीदची, शत्रूला चकवायला. म्हणजे धडधाकट, तिशीतल्या, घोड्यावर मांड ठोकून शेकडो कोस फिरलेल्या माणसाची माघारसुद्धा दुसऱ्यांच्या खांद्यावरून झाली. पालखीचे भोई होते, बरोबर सुमारे सहाशे मावळे होते, मागे खिंड अडवायला बाजीप्रभू होते. एवढं सगळं असेल तर माघार होते. नुसतं ‘मागे फिरा’ म्हणून होत नाही.

याच मुलखात चाळीस वर्षांनी दुसरी पालखी आली. औरंगजेब. ऑक्टोबर १७०० मध्ये माण नदीकाठी खवासपूरला छावणी पडली होती, रात्री अचानक पूर आला, गोंधळात बादशहा पडला आणि त्याचा गुडघा निखळला. तो पाय पुन्हा नीट झालाच नाही. वय ऐंशीच्या पुढे. दरबाऱ्यांनी समजूत घातली म्हणे, की मूळपुरुष तैमूरही लंगडाच होता, हा तर वारसा आहे! (लंगडेपणाचं असं कौतुक माझ्या वाट्याला अजून आलेलं नाही.) त्यानंतर हाच बादशहा पन्हाळ्यावर आला, १७०१ मध्ये तो घेतला. मग विशाळगड, १७०२ च्या जूनमध्ये, तोही लढून कमी आणि पैसे मोजून जास्त. आणि परतीला सह्याद्रीचा पाऊस लागला. विशाळगडाहून पन्हाळ्याकडे यायला, साधारण तीस मैलांना, त्याच्या सैन्याला अडतीस दिवस लागले. बादशहाला उचलून नेणारे होते म्हणून तो परत आला. वाटेत जे मेले, त्यांना उचलायला कोण होतं?

ही झाली राजांची माघार. आता अशा एका राजाकडे वळू, ज्याच्याकडे ना भोई होते ना दरवाजा. आणि तो आपल्याच कोल्हापूरचा आहे.

१८७० च्या नोव्हेंबरात कोल्हापूरचे राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावरून परतताना इटलीत फ्लॉरेन्सला वारले. वय वीस. त्यांचं स्मारक तिथे नदीकाठच्या बागेत आजही आहे. मूल नव्हतं, म्हणून १८७१ मध्ये भोसले घराण्यातला नारायणराव नावाचा आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला गेला. तेच चौथे शिवाजी महाराज. काही वर्षांत त्यांच्या डोक्यावर परिणाम झाल्याची बातमी पसरली. खरंच आजार होता, की छळामुळे तसं झालं, की मुद्दाम ‘वेडा’ ठरवलं, यावर त्या काळात महाराष्ट्र पेटला होता. केसरी आणि मराठा या पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले. बर्व्यांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला. आरोपांना आधार म्हणून आणलेली पत्रं बनावट निघाली आणि १७ जुलै १८८२ ला टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात ते १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते, आणि आगरकरांनी त्यावर लिहिलेलं पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल.

माझी तक्रार अशी की आपल्याकडे ही गोष्ट इथेच संपते. टिळक-आगरकर सुटले, ऑक्टोबरात बाहेर आले, मिरवणुका निघाल्या. आणि ज्याच्यासाठी हे सगळं झालं तो मुलगा? तो त्याच १८८२ साली कोल्हापुरातून उचलून नगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवला होता. नगरचा किल्ला पाहिला असेल तर आठवा. गोल भुईकोट, भोवती खोल खंदक. पुढे १९४२ मध्ये नेहरू, आझाद, पटेल यांना याच किल्ल्यात डांबलं. पळून जाणं अवघड व्हावं अशीच ती जागा. तिथे महाराजांवर देखरेखीला गोरे शिपाई होते. त्यातला एक ग्रीन नावाचा.

२५ डिसेंबर १८८३. ग्रीन आणि महाराज यांच्यात झटापट झाली आणि प्लीहा फुटून महाराजांचा मृत्यू झाला. वय वीस. ग्रीनने पोटात लाथ मारली असं महाराष्ट्रात त्या वेळेपासून सांगितलं जातं. तो मारण्याच्या हेतूने मारलेला घाव होता की झटापटीत बसलेला, यावर मी आज निकाल देत नाही. मला वेगळं काही तपासायचंय. ग्रीनच्या बाजूची सगळ्यात चांगली मांडणी घेऊ. धरून चालू की महाराज आधी त्याच्या अंगावर धावून गेले, आणि ग्रीनने जे केलं ते स्वतःला वाचवायला केलं. तरी काय दिसतं?

कायद्याकडे बघू. तेव्हा भारतीय दंड संहिता लागू होऊन बावीस वर्षं झाली होती. तिच्या ९६ ते १०६ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे. आज भारतीय न्याय संहितेत तीच कलमं ३४ ते ४४ अशी आली आहेत, मजकूर जवळपास तोच. त्यात कलम ९८ असं सांगतं की समोरचा माणूस वेडाच्या भरात हल्ला करत असेल, तर त्याला गुन्हेगार धरता येत नाही, पण ज्याच्यावर हल्ला झाला त्याचा बचावाचा हक्क तसाच शाबूत राहतो. म्हणजे ग्रीनला हक्क होता. ठीक. पण लगेच पुढचं कलम ९९. बचावासाठी जितकी गरज आहे त्याहून जास्त इजा करायची नाही. आणि सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल तर तो हक्क वापरायचा नाही.

आता किल्ल्यातली खोली डोळ्यांसमोर आणा. एक धडधाकट, कवायत केलेला शिपाई. वेड लागलेल्या माणसाला सांभाळणं हे त्याचं कामच. त्याच्या हातात किती गोष्टी होत्या? बाहेर पडून दार ओढून घेणं. हाक मारून दुसरा माणूस बोलावणं, किल्ल्यात माणसांना तोटा नव्हता. दोन पावलं मागे सरून महाराज दमेपर्यंत थांबणं. हात धरून ठेवणं. आणि सगळ्यात शेवटी मारणं. त्या खोलीत माघार घेऊ शकणारा माणूस एकच होता, आणि तो ग्रीन होता. महाराजांना जायला जागाच नव्हती. दाराबाहेर पहारा, पहाऱ्याबाहेर तट, तटाबाहेर खंदक, आणि खंदकाबाहेर एक सरकार, ज्याने त्यांचं म्हणणं ऐकायचंच नाही असं ठरवलेलं.

आणि प्लीहा. हे थोडं समजून घेऊ, कारण ही कोल्हापूरपुरती गोष्ट नाही. हिवतापाने, म्हणजे मलेरियाने, वारंवार आजारी पडणाऱ्यांची प्लीहा सुजून मोठी होते आणि बेताच्या माराने फुटू शकते. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात अशी माणसं पावलोपावली होती. त्यामुळे साहेबाने नोकराला, कुलीला, पंखेवाल्याला मारलं, तो मेला, आणि डॉक्टरांनी सांगितलं ‘प्लीहा मोठी होती’, असे खटले इतके झाले की तो जवळजवळ ठरलेला बचाव बनला. आग्र्याचा फुलर खटला गाजला. १८७५ मधला. फुलर नावाच्या वकिलाची घोडागाडी चर्चला जायला वेळेवर आली नाही, म्हणून त्याने मोतद्दार कटवारू याला मारलं. तो प्लीहा फुटून मेला. मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली तीस रुपये दंड. खुद्द व्हाइसरॉय लिटनला १८७६ मध्ये त्यावर जाहीर नापसंती व्यक्त करावी लागली, आणि त्यावरून गोरी मंडळी लिटनवरच उखडली.

खरं तर कायदा इतका आंधळा नव्हता. खुनाच्या कलम ३०० मध्येच उदाहरण दिलंय. समोरचा आजारी आहे, एका फटक्याने मरेल, हे माहीत असून इजा करण्यासाठी फटका मारला तर तो खून. माहीत नसेल आणि निरोगी माणूस मेला नसता असा फटका असेल, तर खून नाही. म्हणजे सगळं ‘माहीत होतं का’ यावर येऊन थांबतं. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला माहीत नसेल, मान्य. पण ज्याची रात्रंदिवस देखरेख तुमच्याकडे आहे, त्याचं शरीर नाजूक आहे हे माहीत असणं हीच तुमची नोकरी नव्हे का?

काळही बघा. १८८३ हे अख्खं वर्ष इल्बर्ट बिलाच्या भांडणात गेलं. जिल्ह्यातल्या हिंदी न्यायाधीशाला गोऱ्या आरोपीचा खटला चालवता यावा एवढंच ते बिल म्हणत होतं, आणि गोऱ्यांनी देश डोक्यावर घेतला. डिसेंबरात तडजोड ठरली, २५ जानेवारी १८८४ ला कायदा झाला. गोऱ्या आरोपीला निम्मे तरी ज्युरी गोरे मागायचा हक्क मिळाला. महाराज गेले ते या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत. ग्रीनकडून कोण काय जाब विचारणार होतं, याचा अंदाज तुम्हीच करा.

आता जरा माझ्याकडे येतो. हे सगळं वाचताना मला ग्रीनपेक्षा महाराजांच्या जागेवरून वाचायची सवय आहे. मला वेड लागलेलं नाही (घरच्यांचं मत वेगळं असू शकतं), पण खोलीतून बाहेर पडता न येणं मला कळतं.

मागे एकदा रंकाळ्यावर संध्याकाळी माझ्या साइड-व्हीलच्या स्कूटरला मागून एक मोटारसायकल घासली. दोन पोरं होती. चूक त्यांची, आवाजही त्यांचाच. मी उतरलो नाही. भेळेच्या गाडीचा उजेड होता तिथवर स्कूटर पुढे घेतली, पाठ कठड्याकडे केली आणि गाडीवाल्या मामांना मोठ्याने हाक मारली, ‘मामा, जरा इकडं या वो.’ मामा आले, अजून दोघं-तिघं आले, पोरं शिव्या देत निघून गेली. झालं एवढंच. पण दुसऱ्या दिवशी पेठेतला मित्र म्हणाला, ‘भावा, कुबडी होती की हातात. घालायची एक.’

त्याला मी जे सांगितलं ते इथे सांगतो, कारण बऱ्याच जणांना हे सुचत नाही. कुबडी उगारली की माझा पाय गेला. ज्या क्षणी मी ती जमिनीवरून उचलली, त्या क्षणी मी एका पायावर उभा आहे. पहिला घाव बसला नाही, तर दुसरा मारायला मी उभाच नसणार. आणि समोरच्याने ती हिसकावून घेतली तर हत्यार त्याच्याकडे आणि मी रस्त्यावर. मग पहिला घावच असा घालावा लागेल की माणूस उठता कामा नये. म्हणजे डोकं. आणि तिथे कलम ९९ वाट बघत बसलंय, गरजेपेक्षा जास्त इजा नको म्हणून. धडधाकट माणसाकडे ढकलणं, हात पिरगाळणं, एक थोबाडीत देणं, मग पळणं अशा पायऱ्या असतात. माझ्याकडे मधल्या पायऱ्याच नाहीत. एकतर काहीच नाही, नाहीतर एकदम शेवटची. ग्रीनच्या नेमकं उलटं.

या बाबतीत आपला कायदा बरा म्हणायचा. जुन्या इंग्रजी कायद्यात अचानक उद्भवलेल्या भांडणात पाठ भिंतीला लागेपर्यंत मागे हटायचं कर्तव्य मानलं जाई. अमेरिकेत काही राज्यांत तसं कर्तव्य आजही आहे, पण सुरक्षितपणे मागे हटता येत असेल तरच. फ्लोरिडाने २००५ मध्ये उलट टोक गाठलं, जिथे आहात तिथे उभे राहा आणि बळ वापरा. मेकॉलेने आपल्याकडचा मसुदा करताना मागे हटण्याची अट घातलीच नाही. त्याचं कारण आजच्या कानांना खटकेल. इथले लोक अन्याय निमूट सोसतात, त्यांच्यात थोडा मर्दपणा जागा करायला हवा, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलंय. हेतू काहीही असो, आपलं सर्वोच्च न्यायालयही, उदाहरणार्थ २०१० च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात, हेच धरून आहे की हल्ला समोर आल्यावर कायदा पाळणाऱ्या माणसाने भ्याडासारखं पळावं अशी अपेक्षा नाही. आणि त्या क्षणी किती बळ वापरलं हे सोन्याच्या काट्यावर तोलायचं नसतं, हेही निकालांत पुन्हा पुन्हा आलंय.

पण ‘भ्याडासारखं पळणं’ हे शब्द माझ्या कानाला विचित्र लागतात. पळणं हा पर्याय असणाऱ्यांसाठी ते शब्द आहेत. माझी माघार भांडण सुरू झाल्यावर होत नाही, ती खूप आधी होते. हॉटेलात दाराजवळचं टेबल. खुर्चीची पाठ भिंतीला. जत्रेत गर्दी व्हायच्या आधी निघणं. स्कूटर अशी लावणं की मागे न घेता पुढे निघता येईल. रात्री उशीर असेल तर फोनवर ११२ तयार. लोकांना वाटतं हा उगाच घाईत असतो. आणि हे सगळं करूनही कधीतरी आवाज चढलेल्या माणसासमोर ‘राहू दे दादा, माझंच चुकलं’ म्हणावं लागतं, चुकलेलं नसताना. ती माझी पन्हाळ्याची रात्र. पालखी मला स्वतःलाच उचलावी लागते.

कोल्हापुरात याला कुणी शौर्य म्हणणार नाही आणि मला ते नकोही आहे. मला फक्त एवढं वाटतं की कुठल्याही झटापटीची गोष्ट ऐकताना, मग ती १८८३ ची असो की काल रात्रीची, आधी विचारावं की दाराजवळ कोण होतं. ‘पहिला हात कुणी उचलला’ हा प्रश्न आपण लगेच विचारतो. दाराचा प्रश्न कुणी विचारत नाही.

कायद्याने अलीकडे तो थोडासा विचारायला घेतलाय. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. त्याचं कलम ९७ म्हणतं की रुग्णाला बांधून किंवा धरून ठेवायचं असेल, तर लगेच होऊ घातलेली इजा टाळायला दुसरा कुठलाच मार्ग नसेल तेव्हाच, आणि तेही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने. म्हणजे सांभाळणाऱ्याने आधी बाकीचे सगळे मार्ग बघायचे. आणि दिव्यांग हक्क कायदा, २०१६. त्याच्या कलम ९२ खाली दिव्यांग व्यक्तीला चारचौघांत मुद्दाम अपमानित केलं, धमकावलं, किंवा अप्रतिष्ठा करण्यासाठी अंगावर हात टाकला, तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. हे कलम श्रोत्यांपैकी ज्यांना उपयोगी पडेल त्यांनी लिहून ठेवा. पोलीस ठाण्यात ते आपणहून कुणी सांगेलच असं नाही.

महाराज गेल्यावर कोल्हापूरची गादी पुन्हा रिकामी. कारभार तेव्हा रीजंट म्हणून कागलचे जयसिंगराव घाटगे बघत होते. त्यांचाच मुलगा यशवंतराव, दहा वर्षंही पूर्ण न झालेला, १७ मार्च १८८४ ला दत्तक आला. नाव ठेवलं शाहू. पुढे २ एप्रिल १८९४ ला अधिकार हाती येईपर्यंत पूर्ण दहा वर्षं त्याचं शिक्षण, फिरणं, भेटणं हे इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेखाली होतं. त्या दहा वर्षांत तो घोड्यावर बसायला, शिकारीला आणि कुस्तीला किती लागला, आणि नगरच्या किल्ल्यात काय झालं हे त्या मुलाला कुणी कधी सांगितलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. पुढचा भाग त्या दहा वर्षांवरच करतो. तोपर्यंत नमस्कार.